गेलेली दृष्टि परत येते काय?

दिसेनासें झालें कीं आपण दोष डोळ्यांतच शोधतों. बुबुळ, भिंग किंवा पडदा यांपैकीं कांहींतरी बिघडलें असेल, चष्मा बदलला अथवा मोतीबिंदु काढला म्हणजे भागेल, अशी आपली समजूत असते. आणि बहुतेक वेळां ती खरीहि ठरते. परंतु कधीं कधीं डोळा सर्वस्वीं निर्दोष असूनहि माणसाचें दिसणें कमी होत जातें. दोष असतो तो डोळ्यांच्या पाठीमागें, कवटीच्या तळाशीं, वाटाण्याएवढ्या एका ग्रंथींत. या ग्रंथींत होणारी गांठ दृष्टि कशी हिरावून घेते, आणि शस्त्रवैद्यानें ती काढल्यावर गेलेली दृष्टि किती व कशी परत येते, हें आज आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या वडीलधाऱ्यांस सांगणार आहों. विषय थोडा अवघड आहे खरा. पण तो समजण्यास वैद्यकाचें ज्ञान लागत नाहीं. एक मित्र, एक लाल टोपण आणि थोडी चिकाटी एवढें असलें म्हणजे पुरे.

घरच्या घरीं एक प्रयोग

दोघांनीं समोरासमोर, दोन हातांच्या अंतरावर बसावें. एकानें आपला डावा डोळा तळहातानें झांकावा. समोरच्यानें, म्हणजे परीक्षकानें, आपला उजवा झांकावा. दोघांनींहि उघड्या डोळ्यानें परस्परांच्या उघड्या डोळ्याकडे टक लावून पाहावें. आतां परीक्षकानें आपलें बोट दोघांच्या मधोमध धरून बाहेरून हळूहळू आंत आणावें, आणि तें दिसतांच मित्रानें "दिसलें" म्हणावें. दोघांची दृष्टि निरोगी असल्यास बोट दोघांसहि जवळजवळ एकाच वेळीं दिसेल. हाच प्रयोग वरच्या दोन कोपऱ्यांतून व खालच्या दोन कोपऱ्यांतून करावा, आणि मग दुसऱ्या डोळ्याचा करावा. शेवटीं लाल टोपण घेऊन तें एकदां नाकाच्या बाजूस व एकदां कानाच्या बाजूस दाखवावें आणि लाली दोन्हीकडे सारखीच दिसते कीं एकीकडे फिकी पडते, हें विचारावें.

यावरून कळेल कीं समोर एका बिंदूकडे पाहत असतांहि आपल्यास भोंवतालचें पुष्कळ दिसत असतें. बाहेरच्या बाजूस, म्हणजे कानाकडे, ही मर्यादा सुमारें ९० अंशांपर्यंत किंवा त्याहून किंचित अधिक असते. नाकाकडे ती सुमारें ६० अंशांवर थांबते. एका डोळ्यास एका वेळीं दिसणाऱ्या या सर्व प्रदेशास दृष्टिक्षेत्र म्हणतात.

हा प्रयोग खेळासारखा वाटतो. पण वैद्य रुग्णाची पहिली परीक्षा आजहि अशीच घेतात. पुढें तीच परीक्षा यंत्रावर अधिक बारकाईनें होते. मोठ्या वाडग्यासारख्या पांढऱ्या पृष्ठभागासमोर हनुवटी टेंकून बसावयाचें, मध्यबिंदूवर नजर ठेवावयाची, आणि कोठेंहि बारीक ठिपका लुकलुकला कीं हातांतील कळ दाबावयाची. जेथें ठिपका दिसला नाहीं ती जागा कागदावर काळी उमटते. अशा रीतीनें प्रत्येक डोळ्याचा एक नकाशा तयार होतो. ज्या गांठीविषयीं आम्ही लिहीत आहों तिच्या रुग्णाचा नकाशा पाहिला तर एक विलक्षण गोष्ट आढळते. उजव्या डोळ्याचा उजवा भाग व डाव्या डोळ्याचा डावा भाग काळा असतो; नाकाकडचे भाग मात्र स्वच्छ असतात. असें कां व्हावें?

दृष्टितंतूंची फुली

प्रत्येक डोळ्याच्या पडद्यावरून सुमारें दहा ते बारा लाख सूक्ष्म मज्जातंतु निघतात. त्यांचा जुडगा डोळ्याच्या मागून मेंदूकडे जातो. दोन डोळ्यांचे हे दोन जुडगे कवटीच्या तळावर एकत्र येतात आणि तेथें त्यांची फुली होते. ग्रीक वर्णमालेंत फुलीच्या आकाराचें जें अक्षर आहे, त्यावरून युरोपीय वैद्यांनीं या जागेस 'कायॅझम' हें नांव दिलें. आपण तिला दृष्टितंतूंची फुली म्हणूं.

या फुलींत सगळेच तंतु बाजू बदलीत नाहींत. पडद्याच्या कानाकडील अर्ध्या भागावरून आलेले तंतु आपल्याच बाजूनें मेंदूंत जातात. नाकाकडील अर्ध्या भागावरून आलेले तंतु, आणि ते निम्म्याहून किंचित अधिक असतात, फुली ओलांडून पलीकडे जातात. प्रकाशकिरण सरळ रेषेंत जात असल्यामुळें डोळ्यांतील चित्र उलटें पडतें. म्हणून नाकाकडील पडदा बाहेरच्या बाजूचें जग पाहतो. तेव्हां फुलीच्या ऐन मध्यावर जे तंतु एकमेकांस ओलांडतात ते दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या अंगाचेंच वृत्त घेऊन जाणारे असतात. त्या मध्यावर भार पडला कीं दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या बाजू एकदम अंधारतात. टांग्याच्या घोड्यास झापडें लावतात, तशी त्या माणसाची स्थिति होते.

हा भार टाकणारी ग्रंथि म्हणजे पोषग्रंथि. इंग्रजींत तिला पिट्युइटरी म्हणतात. लॅटिन भाषेंत 'पिट्युइटा' म्हणजे कफ. मेंदूंतील कफ या ग्रंथींतून नाकांत उतरतो, अशी प्राचीन युरोपीय वैद्यांची समजूत होती. त्या चुकीच्या समजुतींतून हें नांव पडलें. खरें पाहतां ही ग्रंथि कफ गाळीत नाहीं. तिचें वजन सुमारें अर्धा ग्रॅम. पण शरीराची वाढ, तारुण्याचें आगमन, आईचें दूध, शरीरांतील पाण्याचें प्रमाण, कंठांतील व मूत्रपिंडांवरील ग्रंथींचें काम, या सर्वांवर तिच्या रसांचा अंमल चालतो. कवटीच्या तळावर हाडाचा एक लहानसा खळगा आहे; त्याचा आकार तुर्की खोगिराप्रमाणें असल्यामुळें त्यास तेंच नांव मिळालें आहे. त्या खोगिरांत ही ग्रंथि बसलेली असते. तिच्या खालीं हाडांतील एक हवेची पोकळी, आणि त्या पोकळीच्या पुढें नाक. तिच्या वर, सुमारें एक सेंटिमीटरावर, दृष्टितंतूंची फुली.

कवटीच्या आंत होणाऱ्या दर शंभर गांठींत सुमारें दहा ते पंधरा या ग्रंथीच्या असतात. त्या बहुधा सौम्य जातीच्या असतात; कर्करोगाप्रमाणें शरीरभर पसरत नाहींत. परंतु जागा अडचणीची आहे. खालीं हाड, वर केवळ एक पातळ पडदा; म्हणून वाढणारी गांठ बहुधा वर चढते. एक सेंटिमीटराहून मोठी झाली कीं ती फुलीस खालून टेंकूं लागते. फुलीच्या खालच्या अंगास वरच्या दिशेचें वृत्त आणणारे तंतु असतात. म्हणून पहिल्यानें दोन्ही डोळ्यांचे वरचे बाहेरचे कोपरे मंदावतात, आणि मग हळूहळू खालचे.

शिंप्याचें उदाहरण

आपण एका शिंप्याची कल्पना करूं. मनुष्य कल्पित आहे. पण त्याचीं लक्षणें खऱ्या रुग्णांचींच आहेत. वय पंचेचाळीस. तक्त्यावरचीं बारीक अक्षरें त्यास बराच काळ बिनचूक वाचतां येतात. कारण मध्यभागची दृष्टि शाबूत असते. पण दाराच्या चौकटीस खांदा आपटतो. बाजूनें आलेली सायकल त्यास एकाएकीं पुढ्यांत उगवल्यासारखी वाटते. ओळखीचा गृहस्थ शेजारून गेला तरी तो बोलत नाहीं; म्हणून लोक त्यास गर्विष्ठ म्हणूं लागतात. दोन वेळां चष्मा बदलून झाला. कपाळ दुखतें, पण तें उन्हाचें म्हणून सोडून दिलें जातें.

मग एके दिवशीं त्यास सुईंत दोरा ओंवतां येईनासा होतो. यांतील कारण मोठें मनोरंजक आहे. त्याची नजर नेढ्यावर खिळली कीं नेढ्याच्या पलीकडील वस्तूंचीं प्रतिबिंबें दोन्ही डोळ्यांत नाकाकडील पडद्यावर पडतात. आणि नेमक्या त्याच पडद्याचें वृत्त मेंदूपर्यंत पोंचत नाहीं. त्यामुळें नेढ्यापलीकडचें सारें नाहींसें होतें, आणि अंतराचा अंदाज चुकतो. जन्मभर जें काम हातांनीं आपोआप केलें तेंच आतां होत नाहीं. "वय झालें," असें म्हणून तो मुलाकडून दोरा ओंवून घेतो आणि आणखी सहा महिने निघून जातात.

इतकी दृष्टि जाऊनहि त्यास कळत कसें नाहीं? याचीं दोन कारणें आहेत. पहिलें असें कीं दोन्ही डोळे उघडे असतां उजव्या डोळ्याची उणीव डावा डोळा पुष्कळशी भरून काढतो, आणि डाव्याची उजवा; केवळ अगदीं टोंकाच्या कडाच हरवतात. म्हणूनच आमच्या प्रयोगांत एकेक डोळा झांकावयास सांगितला आहे. दुसरें कारण असें कीं गेलेला भाग काळा दिसत नाहीं. आपल्या पाठीमागें काय आहे तें आपल्यास काळें दिसतें काय? तें मुळीं दिसतच नाहीं, आणि त्याची उणीव भासत नाहीं. मेंदूपर्यंत जें वृत्त पोंचत नाहीं त्याची तक्रारहि तो करीत नाहीं.

उजेडाचा शोध

या गांठीपर्यंत हात कसा पोंचवावा, हा प्रश्न शस्त्रवैद्यांस विसाव्या शतकाच्या आरंभीं पडला. १६ मार्च १९०७ रोजीं ऑस्ट्रियांतील इन्सब्रुक येथें हर्मान श्लोफर यांनीं नाकाच्या मार्गानें अशी गांठ प्रथम काढली. त्यासाठीं त्यांस नाक एका बाजूनें कापून वळवावें लागलें. १९१० सालीं व्हिएन्ना येथील ओस्कार हिर्श यांनीं बाहेर कोठेंहि न कापतां नाकपुडीच्या आंतूनच वाट काढली. कफ उतरण्याची म्हणून जी वाट प्राचीनांनीं कल्पिली होती, तिच्याच उलट दिशेनें शस्त्रवैद्य वर गेला, ही गमतीची गोष्ट आहे.

अमेरिकेंत हार्वे कुशिंग यांनीं १९०९ सालीं हा मार्ग धरला. १९१० ते १९२५ या काळांत त्यांनीं नाकाच्या मार्गानें २३१ रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या. जंतुनाशक औषधें फारशीं नसलेल्या त्या काळांतहि मृत्यूचें प्रमाण शेंकडा ५.६ एवढेंच होतें. कुशिंग केवळ गांठ काढून थांबत नसत; रुग्णाच्या दृष्टिक्षेत्राचे नकाशे ते काळजीपूर्वक काढवून घेत. क्लिफर्ड वॉकर यांच्यासह त्यांनीं १९१५ सालीं या गांठींनीं दृष्टिक्षेत्र कसें बिघडतें यावर मोठा निबंध प्रसिद्ध केला.

तरीहि पुढें कुशिंग यांनीं हा मार्ग जवळजवळ सोडून दिला. नाकांतील तें विवर खोल व अरुंद. आंत कपाळावरच्या दिव्याचा मंद उजेड. गांठीचा वरचा भाग, म्हणजे फुलीस टेंकलेला नेमका तोच भाग, डोळ्यांस दिसत नसे. कवटी उघडून वरून गेल्यास फुली प्रत्यक्ष दिसे व तिच्यावरील भार खात्रीनें दूर करतां येई. दृष्टीचा लाभ व गांठ पुन्हां न वाढणें, या दोन्ही दृष्टींनीं त्यांस वरचा मार्ग बरा वाटूं लागला. त्यांच्या ३३८ रुग्णांचें पुढें काय झालें याचा वृत्तांत हेंडरसन यांनीं १९३९ सालीं प्रसिद्ध केला. गुरूनें सोडलेली वाट बहुतेकांनीं सोडली.

एका शिष्यानें मात्र ती सोडली नाहीं. एडिंबरोचे नॉर्मन डॉट हे कुशिंग यांच्याजवळ शिकून गेले होते; ते आपल्या गांवीं नाकाच्याच मार्गानें शस्त्रक्रिया करीत राहिले. १९५६ सालीं पॅरिसचे जेरार ग्यो यांनीं डॉट यांचें काम पाहिलें आणि परत जाऊन क्ष-किरणांच्या पडद्यावर हत्यारांची जागा पाहत तेंच काम सुरू केलें. ग्यो यांच्यापाशीं मॉन्ट्रियलचे ज्यूल हार्डी शिकले. १९६० नंतरच्या दशकांत त्यांनीं या शस्त्रक्रियेंत सूक्ष्मदर्शक यंत्र आणलें. त्यामुळें खोल विवरांत भरपूर उजेड पोंचला आणि बारीक वस्तु मोठ्या दिसूं लागल्या. १९९० नंतर अमेरिकेंतील पिट्सबर्ग येथें व इतरत्र पेन्सिलीहूनहि बारीक अशी दुर्बीण थेट गांठीपाशीं नेण्याची रीत रूढ झाली. रुग्णाची दृष्टि वांचविण्यासाठीं आधीं शस्त्रवैद्याच्या दृष्टीस उजेड मिळावा लागला, आणि त्या उजेडास पन्नास-साठ वर्षें लागलीं.

आपल्या देशांत मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला स्वतंत्र विभाग १९४९ सालीं वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत डॉ. जेकब चँडी यांनीं उघडला. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयांतील डॉ. अतुल गोयल व त्यांचे सहकारी यांनीं २००४ सालीं या ग्रंथीच्या ११८ प्रचंड गांठींवरील शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. या गांठी ४ सेंटिमीटरांहून मोठ्या होत्या. म्हणजे फुलीस टेंकण्यासाठीं जेवढी वाढ लागते तिच्या कितीतरी पलीकडे गेलेल्या. गांठी इतक्या वाढेपर्यंत काळ जातो, हीच या लेखांतील मुख्य काळजीची गोष्ट आहे. आणि ती कां, तें आतां पाहूं.

भार उतरतो, मग काय होतें?

आजची शस्त्रक्रिया बहुधा अशी होते. रुग्णास भूल दिल्यावर नाकपुडींतून दुर्बीण आंत नेतात, हाडांतील हवेची पोकळी उघडतात, खोगिराच्या तळाचें पातळ हाड काढतात आणि गांठीच्या वेष्टणांत लहानसें द्वार पाडतात. गांठ बहुधा मऊ असते. वांकड्या बारीक हत्यारांनीं ती खरवडून व ओढून घेतात. आंतील भाग रिकामा होत गेला कीं वर ढकलला गेलेला पडदा आपोआप खालीं उतरतो व त्याबरोबर फुलीवरील दाब सुटतो. शेवटीं ती जागा रुग्णाच्याच शरीरांतील चरबीनें वा नाकांतील त्वचेच्या तुकड्यानें बंद करतात.

यांत ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही, कीं शस्त्रवैद्य दृष्टितंतूंस दुरुस्त करीत नाहीं. त्यांस हात लागूं नये, हीच त्याची खटपट असते. तो फक्त भार उतरवितो. पुढचें काम तंतु स्वतः करतात. आणि ते तें काम किती करूं शकतील, हें भार किती काळ व किती जड होता यावर अवलंबून असतें.

खेड्यांतील मुलांनीं मळ्यास पाणी देतांना पाट पाहिला असेल. पाटांत दगड पडला आणि पाणी अडलें. दगड उचलतांच पाणी पुन्हां धांवूं लागतें. पण दगड बरेच दिवस राहिला, पाणी फुटून पाटाचे कांठ ढासळले, तर दगड काढल्यावर पाणी लगेच नीट वाहत नाहीं. कांठ पुन्हां बांधावे लागतात. आणि दगड त्याहूनहि अधिक काळ राहिला, तर पाट बांधून झाला तरी मळ्यांतलीं वाळलेलीं रोपें हिरवीं होत नाहींत.

दृष्टितंतूंचें असेंच आहे. पहिल्या अवस्थेंत दाबामुळें व रक्त कमी पोंचल्यामुळें तंतु केवळ मुके झालेले असतात. भार जातांच त्यांतून संदेश वाहूं लागतात. दुसऱ्या अवस्थेंत तंतूंभोंवतींचें स्निग्ध आवरण झिजलेलें असतें. तें पुन्हां चढण्यास आठवडे व महिने लागतात. तिसऱ्या अवस्थेंत तंतु तुटून त्याचें मूळ असलेली डोळ्याच्या पडद्यावरील पेशीच मेलेली असते. ती पुन्हां जन्मास येत नाहीं. एकाच रुग्णाच्या जुडग्यांत हे तिन्ही प्रकारचे तंतु एकाच वेळीं असूं शकतात.

म्हणून सुधारणाहि टप्प्याटप्प्यानें येते. २००० सालीं अमेरिकेंतील नेत्रवैद्यांनीं प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासांत असे तीन टप्पे दाखविले आहेत : शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांतील जलद सुधारणा, पहिल्या ते चौथ्या महिन्यापर्यंतची संथ सुधारणा, आणि सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत चालणारी अगदीं सावकाश सुधारणा. आपल्या शिंप्यास दुसऱ्याच दिवशीं खाटेच्या बाजूस उभी असलेली बायको मान न वळवितां दिसेल. पण सुईंत दोरा ओंवण्यास त्यास कदाचित् दिवाळीपर्यंत थांबावें लागेल, आणि वरचा एखादा कोपरा कायमचाच मंद राहील.

प्रमाण काय? अनेक रुग्णालयांचे वृत्तांत एकत्र पाहतां, ज्यांचें दृष्टिक्षेत्र कमी झालें होतें अशा दर पांच रुग्णांपैकीं सुमारें चौघांचें शस्त्रक्रियेनंतर सुधारतें; पूर्णपणें पूर्ववत् होणारे मात्र पांचांत दोनच असतात. अक्षरें वाचण्याची तीक्ष्णता सुमारें तिघांत दोघांची सुधारते. शंभरांत दोन-तीन जणांची दृष्टि शस्त्रक्रियेनें अधिक बिघडते, हेंहि लपवूं नये.

कोणास किती लाभ होईल, याचा अंदाज आतां आधीं बांधतां येतो. डोळ्याच्या पडद्यावरील तंतूंच्या थराची जाडी प्रकाशकिरणांनीं मोजणारें एक यंत्र आहे. त्याचें पहिलें वर्णन १९९१ सालीं प्रसिद्ध झालें. रुग्णानें कांहीं क्षण त्यासमोर डोळा स्थिर ठेवावयाचा, एवढेंच. थर जाड असला तर तंतु मुके आहेत पण जिवंत आहेत, आशा मोठी. थर पातळ झाला असला तर बरेच तंतु मेलेले आहेत. आशा थोडी, तथापि ती अगदींच नसते असें नाहीं. हें यंत्र नव्हतें तेव्हांहि वैद्य डोळ्यांत डोकावून तंतूंच्या जुडग्याचें तोंड गुलाबी आहे कीं पांढुरकें पडलें आहे, हें पाहून असाच अंदाज करीत.

रुग्णानें काय जपावें?

शस्त्रक्रियेनंतर कांहीं आठवडे नाक शिंकरूं नये, जड ओझें उचलूं नये, कुंथूं नये. नाकांतून पाण्यासारखा स्वच्छ द्रव ठिबकूं लागला, ताप व मान ताठणें आढळलें, अथवा तहान व लघवी विलक्षण वाढली, तर त्याच दिवशीं वैद्यास कळवावें. ग्रंथीचें काम मंदावलें असल्यास तिच्या रसांऐवजीं गोळ्या घ्याव्या लागतात. त्या आपल्या मनानें बंद करणें जिवावर बेतूं शकतें. दृष्टि सुधारली म्हणून पुढील तपासणी चुकवूं नये. गांठीचा उरलेला अंश पुन्हां वाढूं शकतो, आणि तें प्रथम नकाशावर किंवा चुंबकीय छायाचित्रांत कळतें.

सर्वच गांठींस शस्त्र लागतें असेंहि नाहीं. दुधाशीं संबंध असलेला रस वाढविणाऱ्या गांठी बहुधा नुसत्या गोळ्यांनीं आक्रसतात व त्यांबरोबर दृष्टिहि सुधारते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीं रक्ताची परीक्षा करतात. उलट, गांठींत अकस्मात् रक्तस्राव झाला तर डोकें भयंकर दुखून कांहीं तासांतच दृष्टि जाते किंवा एकाचीं दोन दिसूं लागतात. अशा वेळीं सकाळची वाट न पाहतां रुग्णालय गांठावें.

पालकांस विनंती

लहान मुलांत ही गांठ विरळा. त्यांच्यांत याच जागीं दुसऱ्या जातीची एक गांठ होते. ती बहुधा वरून दाबते, म्हणून खालचे बाहेरचे कोपरे आधीं जाऊं शकतात. लक्षणें मात्र घरांत व वर्गांत दिसण्याजोगीं असतात : बरोबरीच्या मुलांच्या मानानें उंची थांबणें, वारंवार डोकें दुखणें व सकाळीं ओकारी होणें, रात्रीं उठून उठून पाणी पिणें, आणि बाजूनें आलेला चेंडू न दिसणें. असें मूल पटांगणावर धडपडतें, बाकावरची दौत सांडतें, आणि त्यास आपण वेंधळें म्हणून रागावतों. तें मूल आपणहून तक्रार करणार नाहीं. त्यास काय दिसत नाहीं, हें त्यास ठाऊकच नसतें. प्रत्येक वेंधळें मूल रोगी असतें, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु रागावण्यापूर्वीं एकेक डोळा झांकून बोट फिरवून पाहण्यास पांच मिनिटेंहि लागत नाहींत.

प्रौढांविषयींहि तेंच. चष्मा बदलूनहि समाधान होत नसेल, अंगठी व जोडे एकाएकीं घट्ट होऊं लागले असतील, बायकांस वेळेआधींच मासिक धर्म थांबला असेल, किंवा सुईंत दोरा जाईनासा झाला असेल, तर नेत्रवैद्यास एवढेंच सांगावें, "माझें दृष्टिक्षेत्र तपासा."

लेखाच्या आरंभीं आम्ही एक प्रश्न विचारला होता. त्याचें उत्तर असें : दबलेली दृष्टि पुष्कळ वेळां परत येते, मेलेली येत नाहीं, आणि या दोहोंमधील अंतर बहुतेक काळाचेंच असतें. तो काळ वांचविणें शस्त्रवैद्याच्या हातीं नसून घरच्या माणसांच्या हातीं आहे. आज संध्याकाळीं अभ्यास आटोपल्यावर आमच्या विद्यार्थिमित्रांनीं आईस, वडिलांस व आजोबांस समोर बसवून वर सांगितलेला प्रयोग करावा. बहुतेक घरीं कांहीं सांपडणार नाहीं, आणि तें चांगलेंच. पण शंभर घरांत एका घरीं जरी कोणाचें "दिसलें" उशिरा आलें, आणि तो मनुष्य वेळेवर वैद्याकडे गेला, तर हा पाठ लिहिल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.